दुपारपाळीचे आकडे

"मोजल्याबिगर एक आकडा लिहिला न्हाई हो मी, ताई," विजयश्री म्हणाली. "तरी सोमवारी काढणार हायेत मला. खोटे आकडे भरणारीला चाकणमध्ये दारात तरी कोण उभं करील?"

पिंपळे सौदागरात खासगी तपासाचं ऑफिस चालवणाऱ्या कस्तुरानं नुसती मान हलवली. तिचा मदतनीस समाधान गाडीची किल्ली शोधू लागला.

कारखाना ॲल्युमिनियमच्या बुशांचा, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांचा. दर पाळीला एक तपासनीस, दुपारी विजयश्री, मोजमापाच्या खोलीत एकटाच बसून व्यास मोजायचा आणि आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचा. तरी खराब बुश गिऱ्हाइकाकडे गेले. म्हणजे कुणीतरी न मोजताच आकडे भरत होतं.

मॅनेजर गोरक्ष कड यांनी स्क्रीन वळवली. "हे बघा, व्हेरियन्स ॲनालिसिस, तिघांच्या आकड्यांतल्या फरकाचं गणित. सकाळचा ओंकार, रात्रीचा सुजित, दोघांची सरासरी तंतोतंत जुळते. दुपारची हीच एकटी वेगळी. अजून काय पुरावा हवा?"

बटण दाबून साहेब मोकळे झाले होते.

मोजमापाच्या खोलीत विजयश्रीनं घरून आणलेला पंखा फिरत होता. भिंतीवरचं यंत्र आपोआप दर तासाचं तापमान नोंदवत होतं.

"एसी मार्चपासून बंद हाय. चारदा तक्रार दिली. तर म्हणतात, बाकी दोघांना कसा त्रास न्हाई?"

कोपऱ्यात तिचा डबा तसाच होता. "जेवला नाहीत?" समाधाननं विचारलं.

"कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत न्हाई आता. एकटीला घास उतरत न्हाई."

ओंकार ऐटीत आला. "उकाडा? छे. आमची खोली कायम वीस अंशांवर. बाहेर बोर्डावरच लिहिलंय की, मॅडम."

सुजित त्याचा जिगरी; त्यालाही घरून बोलावून घेतलं होतं. "रात्रीही तेच. काही प्रॉब्लेम नाही."

कस्तुरानं यंत्रातल्या नोंदी आणि तिघांचे आकडे लॅपटॉपवर घेतले आणि अर्ध्या तासात सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"कडसाहेब, ही खोली थंड का ठेवतात?"

"ॲल्युमिनियम तापलं की फुगतं. माप वाढतं."

"एसी बंद आहे. इथं दुपारी चौतीस अंश, पहाटे तेवीस. मग खरोखर मोजलं, तर सुजितची रात्रीची आणि ओंकारची दिवसाची मापं जुळतील कशी?"

कड पुन्हा स्क्रीनकडे वळले.

"मी तापमानाशी रिग्रेशन लावलं, म्हणजे उष्णतेबरोबर माप किती बदलतं ते आलेखावर काढलं. विजयश्रीचे ठिपके उन्हाबरोबर चढतात, ऊन उतरलं की उतरतात. या दोघांची रेषा सपाट. एसी बंद आहे हे यांना माहीतच नाही, कारण हे खोलीत बसतच नाहीत. बोर्ड तेवढा वाचलाय."

ओंकारनं सुजितकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "मागच्या वर्षीचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून बाहेरच्या कॉम्प्युटरवरून टाकायचो. यालाही मीच दिले."

"म्हणजे वेगळी होती तीच खरी?" समाधानला आत्ता उमगलं.

"हो. मोजणारी ती एकटीच होती."

कडांनी काढून टाकण्याचं पत्र फाडलं. माफी काही मागितली नाही. एसीचं उद्या बघतो म्हणाले.

निघताना कस्तुरा खोलीत डोकावली. विजयश्री पुन्हा मोजायला बसली होती. नोकरी वाचली होती, तरी चेहरा उतरलेलाच होता.

"ताई, घाई हाय का?" तिनं डबा पुढे सरकवला. "लई दिवस झाले कुणासोबत जेवून."

कस्तुराही रोज एकटीच जेवायची. तिनं बॅग खाली ठेवली आणि स्टूल ओढून घेतलं.