हिरव्या दिव्याची साक्ष

“पेशंट टेबलावर आहे आणि रक्तगटाचा रिपोर्ट दिसत नाहीये!”

सकाळी साडेदहाला सर्जननी फोनवर आरडाओरडा केला. रिपोर्टांचा सर्व्हर पंचवीस मिनिटं मेल्यासारखा पडला होता. शेवटी लॅबमधली बाई हातात कागद घेऊन तीन जिने धावत चढली, म्हणून पेशंट थोडक्यात वाचली.

पण संगणक विभागातल्या पडद्यावर त्या सर्व्हरचा दिवा सारा वेळ हिरवाच होता.

दुपारी हॉस्पिटलच्या तपासनीस बाई तंत्रज्ञासमोर बसल्या.

“हा दिवा कोण लावतं?”

“प्रोब, म्हणजे माझ्या मशीनवरचा एक छोटा प्रोग्रॅम. तो दर मिनिटाला सर्व्हरच्या ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे त्याच्या दारावर, टकटक करतो. उत्तर आलं तर हिरवा. नाही आलं तर लाल, आणि माझा फोन वाजतो.”

“आज वाजला?”

“नाही ना! मागच्या आठवड्यात रोज वाजत होता. मी आमच्या विभागप्रमुख साहेबांना सांगितलंही. म्हणाले, बघतो.”

“सर्व्हर कुठे आहे?”

“शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. उत्तर यायला नऊ-दहा मिलिसेकंद लागतात.”

बाईंनी जुन्या नोंदी वर सरकवल्या. नऊ. दहा. नऊ. सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनंतर मात्र सरळ शून्य.

“इतक्या लांबून शून्यात उत्तर?”

तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. त्याने सेटिंग उघडली. सर्व्हरचा पत्ता बदललेला होता; बदल सोमवारी तीन दहाचा, लॉगिन त्याचंच.

“आईशपथ, मी नाही! तेव्हा मी एक्स-रे विभागात शिडीवर होतो, केबल ओढत.”

“पासवर्ड कोणाला माहीत?”

त्याने खाली मान घातली. पासवर्डची चिठ्ठी पडद्यालाच चिकटवलेली होती.

“यातलं अवाक्षर कुणाला बोलू नका,” बाई म्हणाल्या.

एक्स-रेवाल्यांनी सांगितलं, सोमवारी तो चारपर्यंत शिडीवरून उतरलाच नव्हता.

विभागप्रमुखांची केबिन शेजारीच होती.

“सोमवारी प्रोबची एक सेटिंग कोणीतरी बदलली,” बाई एवढंच म्हणाल्या.

“कोणीतरी कशाला? तोच वेंधळा! सर्व्हरऐवजी स्वतःच्याच मशीनचा पत्ता टाकून बसला. त्याला आजच घरी पाठवतो.”

बाईंनी तंत्रज्ञाला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“साहेब, पत्ता बदलला हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. याने सांगितलं?”

“नाही,” तंत्रज्ञ म्हणाला. “मी खोलीबाहेरच पडलो नाही.”

बाई प्रमुखांकडे वळल्या.

“नवा सर्व्हर हा तुमचा हट्ट. महिनाभर एकदाही बंद पडणार नाही, असं डॉक्टरांसमोर छातीठोकपणे बोललात. तो रोज पडू लागला. दुरुस्त करायचा, तर चूक कबूल करावी लागली असती. मग हा शिडीवर असताना चिठ्ठीवरून याचं लॉगिन वापरलंत. तेव्हापासून प्रोब आपल्याच मशीनचं दार वाजवतोय. तिथून उत्तर शून्य वेळात येणारच. सर्व्हर जगो की मरो, दिवा हिरवा.”

प्रमुखांनी चष्मा काढला.

“चार दिवसांचाच प्रश्न होता. मी दुरुस्ती करून घेणार होतो. कोणाच्या जिवावर बेतेल, असं वाटलं नव्हतं. ती पेशंट कशी आहे?”

“शुद्धीवर आलीय. तिचा नवरा बाहेर बाकावर बसलाय. रिपोर्ट का आला नाही, एवढंच विचारतोय.” बाईंनी दार उघडलं. “चला. त्याला तुम्ही सांगा.”