खरं बोलणारी मान

त्या सकाळी तिला एका राठ दाढीची नितांत गरज होती, आणि तशी दाढी आपल्या पायांनी चालत येऊन दारात उभी राहिली.

उंच, रापलेला माणूस. गालांवर दोन दिवसांचे खुंट, खांद्याला पिशवी. तिने त्याच्याकडे, म्हणजे खरं तर त्याच्या हनुवटीकडे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. किती उशीर केलात, असं म्हणत तिने त्याला आरशापुढच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, गरम पाण्यात भिजवलेला ब्रश आणि साबणाची वाटी हातात दिली. तो काही सांगायला गेला.

"बोलू नका. फेस तोंडात जाईल."

तो गप्प बसला. इतक्या गोड आवाजात इतका कडक हुकूम आपल्याला आजवर कुणी दिला नव्हता, असं त्याने पुढे कधीतरी कबूल केलं.

दाढीचे रेझर बनवणारा तो एक छोटासा कारखाना होता, आणि त्यातल्या चाचणीच्या खोलीची ती सर्वेसर्वा. सबंध कारखाना तिला भिंगवाली म्हणायचा. तिच्या हातात कायम भिंग असायचं आणि त्यातून ती परक्या पुरुषांचे गाल जराही न लाजता न्याहाळायची. खोलीची पद्धत ठरलेली होती. आलेल्या माणसाने अर्धी दाढी एका रेझरने करायची, अर्धी दुसऱ्याने. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यायचं, कारण त्वचा रुसली आहे की नाही हे एक रात्र उलटल्याशिवाय कळत नाही. माणूस काय सांगतो ते ती ऐकून घ्यायची, पण विश्वास ठेवायची तो त्याच्या मानेवर.

सध्या तिने एकच ध्यास घेतला होता. बाजारात चार-चार पात्यांच्या महागड्या रेझरची चलती होती. तिचा भाऊ तसलाच एक वापरून रोज मान लालभडक करून घ्यायचा, आणि एवढ्या पैशांत घरात चांगला मिक्सर आला असता, हे वहिनी त्याला रोज ऐकवायची. भिंगवालीला साधा, एका पात्याचा, कुणालाही परवडेल असा सेफ्टी रेझर करायचा होता. ओल्या गालावरून गुळगुळीत फिरणारा, आणि मागे आग न ठेवणारा.

पातं बसवायची त्याची तीन डोकी तिने स्वतः आखली होती. फरक फक्त पातं आणि त्याखालची कड यांच्यामधल्या फटीचा. एक नंबरची फट अगदी बारीक, त्यामुळे तो भित्रा, केसाला हात लावतानाही परवानगी मागणारा. तीन नंबरची फट मोठी, तो धीट. दोन नंबर मधला. मालकांना ती काका म्हणायची, आणि काकांनी तिला स्पष्टच सांगून ठेवलं होतं की साचा एकदाच पाडता येईल. तो चुकला तर दुसरा पाडायची कारखान्याची ऐपत नाही. तिघांतला कोणता ते तू सांगायचंस. तिने अजून सांगितलं नव्हतं, पण तिचा जीव तीन नंबरवर जडला होता.

रापलेल्या माणसाची दाढी आटोपली. डावा गाल दोन नंबरने, उजवा तीन नंबरने. त्याने आरशात इकडून तिकडून पाहिलं.

"आता बोलू?"

"बोला ना."

"मी तुमचे आग विझवायचे सिलिंडर तपासायला आलोय. अग्निशमन केंद्रातून."

भिंगवालीने जीभ चावली. ज्याची ती वाट पाहत होती तो माणूस आलाच नव्हता, आणि एका सरकारी जवानाला तिने टॉवेल गुंडाळून बसवलं होतं. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणालात, बोलू नका..."

तिला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसताना त्याच्या उजव्या गालाला एक खळी पडते हे तिला भिंगाशिवायच दिसलं. सिलिंडर तपासून झाले, त्यातले दोन मुदत संपलेले निघाले, त्यावरून त्याने तिला दम भरला. जाता जाता दारात घुटमळला. म्हणाला, धुरात शिरताना तोंडावर मास्क चढवावा लागतो. दाढीचा एक खुंट राहिला तरी तो नीट बसत नाही, कडेने धूर आत येतो. म्हणून रजेचे दिवस सोडले तर रोज दाढी, आणि रोजच्या दाढीने मानेची सालटं निघतात. केंद्रातले सोबती त्याला साळिंदर म्हणतात. तेव्हा... अशा दाढीचा चाचणीला काही उपयोग होणार असेल तर...

होणार होताच. अशी दाढी शोधून सापडली नसती.

मग साळिंदर येऊ लागला. आरशापुढे बसायचा, पण आरशात स्वतःला कमी आणि तिलाच जास्त पाहायचा. पाहण्यासारखंच होतं ते. रेझरचं डोकं उजेडासमोर धरून एक डोळा मिटून ती फट पाहायची, कडेवरून अंगठा असा फिरवायची की पात्यालाही कळू नये, आणि कुठे केसभर खरखर लागली की कपाळावर बारीक आठी पाडून पुन्हा घासायला बसायची. आपलं काम इतकं जीव लावून करणारं माणूस त्याने आगीसमोर पाहिलं होतं. टेबलासमोर पहिल्यांदाच पाहत होता.

"एवढ्या बारीकशा फटीने काय फरक पडतो?" त्याने एकदा विचारलं.

"तुमच्या मास्कला एका खुंटाने पडतो तेवढा."

त्याने मान डोलावली आणि ब्रश वाटीत बुडवला. या बाईपुढे आपलं काही चालणार नाही, हे त्याला कळून चुकलं आणि त्याचं त्याला वाईट मुळीच वाटलं नाही.

एकच अडचण होती. सकाळी चाचणी झाली की त्याची ड्युटी लागायची, ती थेट दुसऱ्या दिवसापर्यंत. मान दाखवायला येणं जमायचं नाही, आणि पुढच्या चाचणीला येईपर्यंत आठवडा उलटून जायचा. दुसऱ्या कुणाला भिंगवालीने सरळ घरी पाठवलं असतं. पण याच्यासाठी तिने स्वतःचा नियम वाकवला. ती फोन करायची.

"कशी आहे मान?"

"कुठली बाजू?"

"तीन नंबरची हो."

"लोण्यासारखी."

फोन ठेवून 'लोण्यासारखी' असं पुटपुटताना तिच्या ओठांवर हसू रेंगाळायचं. वहिनीच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. लोण्याचा भाव काय आहे हल्ली, असं तिने भर जेवणात विचारलं, आणि भावाला काही कळेना की बायको आणि बहीण दोघी एकदम का हसतायत.

अशा प्रकारे तीन नंबर पास झाला. भिंगवालीने काकांना तसं सांगून टाकलं. काकांनी साचा पाडणाऱ्याला सोमवारी बोलावलं.

शनिवारी ती पाच रेझर आणि पात्यांची पाकिटं घेऊन अग्निशमन केंद्रावर गेली. निमित्त जवानांना नमुने देण्याचं. खरं कारण तिचं तिला माहीत होतं. अंगणात सराव चालू होता. पाण्याचे पाइप फुत्कारत होते, उन्हात तुषार उडत होते, मास्क लावलेले चार जण शिडीवरून धडाधड उतरत होते. त्यातला उंच कोण हे तिला मास्क असूनही ओळखू आलं. तो वाकला, मास्क ओढून काढला, घाम पुसला... आणि तिला त्याची मान दिसली.

त्याच्या मानेची उजवी बाजू लालबुंद झाली होती. जबड्याखाली पुरळ उठलं होतं, दोन ठिकाणी सालटं निघाली होती. मास्कचा रबर घासून त्यावर मीठ चोळल्यासारखं झालं असणार. ही तीन नंबरची बाजू. त्याने तिला पाहिलं आणि पटकन मानेवर हात ठेवला.

"हात काढ," ती म्हणाली.

त्याने काढला.

"लोण्यासारखी?"

पाइपमधलं पाणी कुणीतरी बंद केलं, त्यामुळे तिचं पुढचं बोलणं सबंध अंगणाला ऐकू गेलं. "तू खोटं बोललास. एकदा नाही, दर वेळी. सोमवारी साचा पडणार होता. हजारो माणसांच्या माना अशा झाल्या असत्या. कारखाना बुडाला असता. का बोललास?"

"तीन नंबर हातात घेतला की तुमचा चेहरा..." तो अडखळला. "तुम्ही इतक्या खूश दिसायचात. म्हटलं, थोडी आग झाली तर झाली. आम्हाला सवय असते."

"मला खूश व्हायचं नव्हतं. मला मान हवी होती!"

ती तरातरा निघाली. फाटकापाशी तिला रडू फुटलं, पण ते त्याच्यावरच्या रागाचं कमी होतं. जिने आयुष्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, ती फोनवरच्या एका आवाजाला भुलली होती. डोळ्यांनी पाहायचं ते तिने कानांनी ऐकलं होतं. तिने तिथूनच काकांना फोन केला आणि सोमवारचं काम थांबवायला सांगितलं. काकांनी कारण विचारलं तर म्हणाली, माझी चूक झाली.

काका रागावले नाहीत, पण साचा पाडणारा थांबायला तयार नव्हता. महिनाअखेरपर्यंत ठरवा, नाहीतर मी दुसरं काम घेतो, असं त्याने बजावलं. भिंगवालीची झोप उडाली. दोन नंबर तिने भावावर करून पाहिला. त्याची मान शांत राहिली, पण त्याची दाढी म्हणजे कोवळी लव. राठ दाढीवर काय होईल, हे फोनवरच्या शब्दांवरून आता कसं ठरवणार? आणि राठ दाढीवाल्याला तर ती भर अंगणात नाही नाही ते बोलून आली होती. वहिनी तिला एवढंच म्हणाली, की खोटं बोलणारा माणूस वाईटच, पण स्वतःची मान सोलून घेऊन खोटं बोलणारा जरा कमी वाईट.

आठवडाभराने चाचणीच्या खोलीचं दार वाजलं. साळिंदर उभा होता. जखमा भरल्या होत्या, दाढी चांगली वाढली होती. त्याने स्वतःच टॉवेल घेतला, स्वतःच गळ्याभोवती गुंडाळला आणि खुर्चीत बसला.

"आज रजा आहे. उद्याही आहे," तो म्हणाला. "आणि आज मी बोलणार आहे. फेस तोंडात गेला तरी."

आणि तो बोलला. तीन नंबर आग लावतो, आणि आग या विषयातलं मला थोडंफार कळतं. एक नंबरने दाढी करायची तर जेवणाचा डबा सोबत आणावा लागेल. दोन नंबर चांगला आहे, पण हनुवटीखाली खुंट सोडतो, म्हणून मग माणूस दाबतो, आणि दाबलं की सालटं निघतात. भिंगवाली आधी ताठ उभी होती. मग स्टूल ओढून बसली. मग पुढे झुकली. आपल्या रेझरची इतकी सुंदर निंदा तिने कधी ऐकली नव्हती.

"थांबा. दाबता का?"

"रेझरची मूठ हलकी आहे ना. हातात काही आहे असं वाटतच नाही, म्हणून हात आपोआप दाबतो."

ती उठली. इतके महिने ती डोक्याकडेच पाहत बसली होती, मुठीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. कारखान्याच्या कोपऱ्यातून तिने पितळेच्या गजाचा एक टाकाऊ तुकडा आणला, कानशीने घासून पोकळ मुठीत बसवला आणि दोन नंबरचं डोकं त्यावर फिरवून घट्ट बसवलं. रेझर त्याच्या तळहातावर ठेवत म्हणाली, आता तुम्ही काहीच करायचं नाही. वजनाला काम करू द्या. आधी केसांच्या वळणाने, मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा मुळीच नाही.

त्याने अलगद हात फिरवला. खर्रर्र असा बारीक, समाधानी आवाज आला. दोघांनीही श्वास रोखून धरला होता. दुसऱ्यांदा आडवा हात. थंड पाणी. त्याने हनुवटीखाली बोटं फिरवली, मग पुन्हा एकदा फिरवली.

"काय झालं? खरं सांगा."

"खुंट नाही. आगही नाही." मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, "पण उद्या सकाळी बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

ती दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांच्या आधी पोचली. तो तिच्याही आधी पायरीवर येऊन बसला होता. आत जायचाही धीर नव्हता तिला. तिथेच पायरीवर, सकाळच्या स्वच्छ उजेडात, तिने त्याची मान तपासली. डावी बाजू, उजवी बाजू, जबड्याखाली, कानामागे. कुठे एक ठिपका नाही. परवडणारा रेझर तिला मिळाला होता, आणि काकांना साचा. तिचे डोळे भरून आले.

"पास?" त्याने विचारलं.

"पास."

"मग अजून एक खरं सांगायचंय." तो समोरच्या रस्त्याकडे पाहत होता. "तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. तुमचा तीन नंबर मात्र मला कधीच आवडला नाही."

भिंगवाली हसली, आणि हसता हसता तिने भिंग खिशात टाकलं. काम करायला येणारी माणसं फाटकातून आत येत होती, काकाही येत होते. तिने खुशाल त्याच्या गालावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"दाबू नकोस," तो हळूच म्हणाला.

"नाही दाबत," ती म्हणाली. "पण काढणारही नाही."