चिरेवाडीतला चहा

फोल्डर रिकामा होता.

इझाबेल फर्नांडिसने तो बंद केला, पुन्हा उघडला. रिकामाच! संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची इंग्रजी बोलतानाची अख्ख्या वर्षाची रेकॉर्डिंग त्यात होती. दुपारी पणजीच्या कंपनीच्या सोनल मॅडम नोकरीच्या मुलाखती घ्यायला येणार होत्या. वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं बोलणं त्यांना ऐकवायचं, असं इझाबेलने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

"देवा रे!" ती खुर्चीत बसली.

एकेका पोराला माइकसमोर बसवताना तिच्या नाकी नऊ आले होते. ही मुलं संगणकाशी दिवसभर बोलतील, माणसाशी दोन वाक्यं बोला म्हटलं की घामाघूम. "टीचर, कोड चललो म्हणजे झाला, बोलूक कित्याक होया?" हे वर. वाक्यागणिक एक 'मीन्स'. आणि खिडकीबाहेरच्या माडावर बसलेले कावळे प्रत्येकाच्या मागे कोकलत. तरी शेवटी शेवटी पोरं बोलायला लागली होती हो! अडखळत, पण स्वतःचं.

आजचा दिवसच विचित्र होता. रोज रडतखडत येणारी एसटी आज लवकर पोचली, चिरेवाडीच्या थांब्यावर चिटपाखरू नव्हतं म्हणून. लवकर येऊन बघते तर हे.

"मॅडम, मला कळलंय." दारात विभागप्रमुख जितेंद्र सर उभे होते. पुण्याकडचे, इथे येऊन वर्षच झालेलं. "काल संध्याकाळी डिलीट झालं. गौरजाच्या लॉगिनवरून. तिला आजच्या मुलाखतीतून काढावं लागेल."

"आणि कॉपी? किती वेळा मागितली मी तुमच्याकडे?"

"सर्व्हरवर आहे म्हटल्यावर सुरक्षित, असंच वाटलं मला."

इझाबेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ नव्हता.

गौरजा वर्गात शेवटच्या बाकावर बसली होती. चिरेवाडीची पोर, कोडिंगमध्ये हुशार, इंग्रजीत सगळ्यांत मागे. तिच्या कपड्यांना धुराचा वास येत होता, ओढणीला गवताची काडी अडकली होती.

"तू केलंस हां?"

"नाय, टीचर. देवाशपथ."

"काल संध्याकाळी खंय होतंस?"

"दुपारीच गेल्लंय. घरच्यांवांगडा होतंय."

"मग फोन कित्याक लागणा नाय तुझो? सकाळपासून करतंय."

"चार्ज नाय, टीचर. लाईट खंयची थंय..."

तिचे डोळे भरून आले. मुलाखत हुकली तर पुढे काय, हे इझाबेलला माहीत होतं. गौरजाच्या बापाने स्वच्छ सांगून टाकलं होतं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मे महिन्यात लगीन.

"तुझो पासवर्ड कोणाक ठाऊक आसा?"

"सगळ्यांका." गौरजाने मान खाली घातली.

इझाबेलने हात टेकले. हेडफोन कमी म्हणून मुलं एकमेकांच्या लॉगिनवर बसत. सगळ्या वर्गाला सगळ्यांचे पासवर्ड तोंडपाठ. तिने दिलेली क्रियापदं तेवढी कोणाला पाठ नव्हती.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. सोनल मॅडम.

"निघालोय आम्ही. आणि तुमचं अभिनंदन हं! मुलं काय सुंदर बोलतात! एकही अडखळत नाही."

"तुम्ही कधी ऐकलंत?"

"तुमच्या कॉलेजच्या मेलवरूनच आली ना रेकॉर्डिंग, परवा."

इझाबेलने काहीच पाठवलं नव्हतं. "मला एक परत पाठवाल? गौरजाचं."

दोन मिनिटांत आलं. तिने कानाला लावलं. गौरजाचाच आवाज, पण लोण्यासारखा. एक 'मीन्स' नाही, एक कावळा नाही, मध्ये श्वास घेतल्याचंही ऐकू येत नाही. ही पोर स्वतःचं नाव सांगताना दोनदा खोकते!

कुणीतरी यंत्राकडून हे बोलून घेतलं होतं. आणि असलं यंत्र वर्गात एकालाच चालवता येत होतं, ब्रॅंडनला. आजोळ म्हापशाला, इंग्रजी फाडफाड, गौरजाला चिडवण्यात पहिला. काल लॅबमधून शेवटी बाहेर पडला तोही तोच.

"ब्रॅंडन, आवाजाचं ते सॉफ्टवेअर तुझ्याकडे आहे ना?"

"होतं, टीचर. जितेंद्र सरांनी मागून घेतलं. प्रोजेक्टसाठी म्हणाले."

"खरं बोल. तू गौरजाला कायम चिडवतोस."

"चिडवतंय मी. पण तिचा वायट कित्याक करू?" तो एकदम मालवणीवर आला. "मागच्या सेमिस्टरात तिनाच माका पास केल्यान, माझो कोड लिवून! आणि टीचर, कॉलेजचो मेल माझ्याकडे खंय आसा? तो फक्त प्राचार्य आणि जितेंद्र सर उघडतत."

खरं होतं. आणि प्राचार्य हरिश्चंद्र परब मेल उघडायलाही शिपायाला हाक मारत.

ती तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. जितेंद्र सर तिथेच होते आणि गौरजाचं नाव काढायचं ठरूनही गेलं होतं.

"पुरावा काय, सर?" इझाबेलने विचारलं.

"लॉगिन."

"तिचा पासवर्ड अख्ख्या वर्गाला पाठ आहे."

जितेंद्र सरांनी आवाज खाली आणला. "ठीक आहे. सांगणार नव्हतो, पोरीची बदनामी नको म्हणून. काल संध्याकाळी मी स्वतः तिच्या घरी गेलो होतो. तिने माझ्यासमोर कबूल केलं."

"चिरेवाडीला? कुठे भेटली?"

"घरीच. अंगणात."

"आणखी कोण होतं?"

"आईवडील. त्यांनी चहा दिला. बिचारे साधे लोक आहेत."

"चहा घेतलात?"

"घेतला."

"कुत्रा नाही भुंकला?"

"भुंकला थोडा." सर वैतागले. "गोठ्यात गाय होती, दारात कोंबड्या होत्या. आणखी काय सांगू?"

"पुरे झालं." इझाबेल प्राचार्यांकडे वळली. "परब सर, तुम्ही इथलेच. सध्या चिरेवाडीत काय चालू आहे?"

परब सरांनी चष्मा काढला. "अरे देवा! गावपळण!"

"गावपळण म्हणजे?" जितेंद्र सरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे दर काही वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि अख्खा गाव वेशीबाहेर जातो," इझाबेल म्हणाली. "म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गायी, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. घरांना कुलपं. रानात झोपड्या घालून राहायचं. परत यायचा कौल मिळेपर्यंत गावात कोणी पाऊल टाकत नाही. म्हणून आज एसटीला चिरेवाडीला माणूस नव्हता. म्हणून गौरजाच्या अंगाला चुलीचा धूर, ओढणीला झोपडीचं गवत, आणि म्हणून तिचा फोन बंद. काल तिच्या अंगणात तुम्हाला चहा कोणी दिला, सर? भुताने?"

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मुलांचे आवाज यंत्रात घालून तुम्ही नवं इंग्रजी तयार केलंत आणि कॉलेजच्या मेलवरून कंपनीला पाठवलंत. मग मी म्हटलं, मूळ रेकॉर्डिंग ऐकवणार. ऐकवलं असतं तर तुमचं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून काल संध्याकाळी गौरजाच्या लॉगिनवरून सगळं पुसलंत. उघडा तुमचा संगणक, सर. सॉफ्टवेअर तिथेच असेल."

जितेंद्र सर एकदम उसळले. "त्यांच्यासाठीच केलं मी! ते इंग्रजी ऐकून कोण घेणार होतं त्यांना? एक तरी मुलगा लागला असता का?"

"आणि गौरजा?"

"कोणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं. ती तशीही निवडली गेली नसती."

केबिनचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर गौरजा उभी होती. तिने ऐकलं होतं. ती रडली नाही, नुसती लाल झाली.

हे प्रकरण बाहेर जाऊ नये असं परब सरांना फार वाटत होतं. पण सोनल मॅडमची गाडी फाटकात शिरताच इझाबेलने जाऊन सगळं सांगून टाकलं. वर्षभर बोला बोला म्हणून घसा फोडायचा आणि ऐन वेळी आपण गप्प बसायचं, हे तिला जमणार नव्हतं.

सोनल मॅडम संतापल्या, मग म्हणाल्या, "आलेय तर समोरच ऐकते. पहिलं कोण?"

सगळ्या माना खाली. ब्रॅंडनचीसुद्धा. इझाबेलला वाटलं, एकेकाच्या पाठीत धपाटा घालावा.

गौरजा उठली.

ती खोकली, अडखळली, इंग्रजीतल्या काळांचा पार चुथडा केला. पण स्वतःचा प्रोजेक्ट तिने खडू घेऊन फळ्यावर मांडला आणि एकही प्रश्न सोडला नाही. सोनल मॅडम शेवटी म्हणाल्या, "गुड. पुढची फेरी सोमवारी, पणजीला."

गौरजा घाईघाईने इझाबेलजवळ आली. "टीचर, सोमवारी माका जमाचा नाय. सोमवारी देवाक कौल लावतले. घरच्यांका सोडून कशी जाव?"

इझाबेलने कपाळावर हात मारून घेतला. मे महिना डोक्यावर बसलाय, नोकरी दारात उभी आहे, आणि ही बया कौल घेऊन बसलीय! पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून तिला रागावताही येईना.

"माका कित्याक सांगतंस गो? माका ठाऊक आसा! त्यांका सांग. इंग्रजीत!"

गौरजा परत जाऊन खुर्चीत बसली.

"मॅडम, मंडे नॉट पॉसिबल," ती म्हणाली. "माय व्हिलेज इज एम्प्टी. ऑल पीपल इन जंगल. आय विल टेल यू व्हाय."

सोनल मॅडमनी मिटलेली वही पुन्हा उघडली, गौरजाकडे बघितलं आणि वही बाजूला सारली.

"टेल मी," त्या म्हणाल्या.

आणि गौरजा सांगू लागली.