खाजा मिस्त्रीच्या चोवीस चांदण्या

सकाळी नऊला हॉलचं कुलूप निघालं आणि दहा मिनिटांत खाजा मिस्त्री मटकन खाली बसला. हातात लाकडाची चांदणी, पालथी धरलेली.

"ही माझी न्हाई," एवढंच तो म्हणाला.

येडबा दारातच होता. परभणीतल्या त्या हॉलचा तो राखणदार. नाव येडबा, पण माणूस कसला येडा! चार शेळ्या बाळगून होता, त्यातली एक कायम हॉलच्या पायरीशी बांधलेली.

आत आठ दिवस भक्ती नावाच्या तरुण कलाकार पोरीची 'चांदण्यांची भिंत' मांडलेली होती. मशिदीच्या जाळीवर असते तशी आठ टोकांची नक्षी, मागं दिवे. चोवीस चांदण्यांतली वाटेल ती काढायची, दुसरीकडं बसवायची, की सावल्यांची नवी नक्षी तयार. मार्चच्या उकाड्यात बायाबापड्या, पोरंसोरं घामट हातांनी दिवसभर खेळली. आता भिंत दिल्लीच्या प्रदर्शनाला निघाली होती.

चांदण्या घडवल्या वालूरच्या खाजा मिस्त्रीनं. भक्ती तीन वर्षं त्याच्या घरी जेवली, चाचा चाचा म्हणत रंधा धरायला शिकली. मिस्त्रीचा रिवाज असा, की पुढून नाव घालायचं नाही, नक्षी अल्लाची. मागं मात्र पटाशीनं कोरलेली बारीक चंद्रकोर, हीच त्याची खूण. भिंतीवरच्या एकाही चांदणीमागं ती नव्हती.

रमजानचे शेवटचे दहा दिवस मिस्त्री एतेकाफला बसला होता, म्हणजे मशिदीतच मुक्काम आणि इबादत. ईद परवा झाली. भिंत तो आज पहिल्यांदाच बघत होता.

पोलीस जमादार किशनराव आले.

"खऱ्या चांदण्या शेवटच्या कधी बघितल्या?"

"काल संध्याकाळी," भक्ती म्हणाली. "बंद करताना पालथ्या करून बघितल्या. अस्सल होत्या."

"चाव्या?"

"भिंत मांडल्यापासून दोन्ही आमच्याकडंच. एक माझ्याकडं, एक चाचांकडं." तिचा आवाज रडवेला झाला.

दुपारी पोलिसांनी वालूरहून गोणी आणली. मिस्त्रीच्या कारखान्यात भुश्शाखाली सापडली. आत चोवीस चांदण्या, चंद्रकोरीसकट. दारात जमलेले लोक त्याला चोर म्हणायला लागले. मिस्त्रीला कोर्टाचं भय नव्हतं. मशिदीची जाळी आणि देवळाची महिरप, दोन्ही याच हातानं झालेली. उद्या चोर म्हणून त्याला उंबऱ्याच्या आत कोण घेणार?

पंचनाम्यासाठी दोन्ही ढीग पायरीवर मांडले. शेळीनं मान लांबवली आणि भिंतीवरून काढलेल्या चांदण्या चाटायला लागली. येडब्यानं तिला ओढून गोणीतल्यांकडं नेलं. तिनं हुंगलं, तोंड फिरवलं आणि परत पहिल्या ढिगाकडं वळली. येडबा बघतच राहिला. मग त्यानं भक्तीला दोन गोष्टी विचारायची जमादारांची परवानगी मागितली.

"ताई, पहिल्या दिवशी भिंत कुणी बसवली?"

"मी एकटीनं. दार लावून."

"अन् ह्या बिनखुणेच्या भिंतीवर कधी आल्या?"

"काल रात्री. सांगितलं ना, मामा."

"मंग ह्यांना लोकांचा हात लागला नसंल."

"कसा लागणार?"

येडब्यानं एक चांदणी उचलली.

"शेळीला मिठाची लय हाव. विळ्याचा घामट दांडा दिसला तरी चाटती. ही चांदणी ती सोडंना, म्हणजे हिच्यावर लोकांचा घाम हाय. गोणीतल्या नुसत्या हुंगल्या, म्हणजे त्या भिंतीवर चढल्याच न्हाईत. काल रात्री बदलल्या असत्या तर उलटं झालं असतं. बदल पहिल्याच दिवशी झालाय, मिस्त्री मशिदीत असताना. अन् भिंत बसवली तुमी, एकटीनं."

किशनरावांनी चांदणीवर बोट घासून जिभेला लावलं. खारट. गोणीतली चाखली, तर नुसतं लाकूड.

भक्ती पायरीवर बसली आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. दिल्लीच्या प्रदर्शनाच्या अर्जात तिनं फक्त स्वतःचं नाव घातलं होतं. चंद्रकोर दिसली असती तर तिथं विचारणा झाली असती, म्हणून तिनं मशीनवर बिनखुणेच्या चांदण्या कापून घेतल्या. मिस्त्री कधी ना कधी बोंब मारणारच, पण चोर ठरलेल्याचं कोण ऐकतं? त्याच्या कारखान्याला नुसती कडी असते हे तिला ठाऊक होतं. तो मशिदीत असतानाच तिनं गोणी भुश्शात पुरली.

येडब्याला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. ही तर खाल्ल्या घरचे वासे मोजणारी निघाली.

भक्ती मिस्त्रीच्या पायाशी वाकली. "चाचा, चुकले मी."

मिस्त्रीनं पाय मागं घेतले.

"चाचा नको म्हणू," तो म्हणाला. "मिस्त्री म्हण. सगळा गाव म्हणतो तसं."