पट्टीवरचं पाणी

"पाणी कोण चोरतंय, एवढंच शोधून द्या," पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "कालव्याच्या तोंडाशी नोंद होते एक मीटर तीस. आमच्या शेवटच्या शाखेत त्या मानाने जेमतेम निम्मं पोचतं. बागा वाळून चालल्यात."

खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांच्यासोबत टिपणं काढत फिरणारा दीर तशी हाक मारी.

"भाऊजी, गाडी काढा," वहिनी म्हणाल्या.

कालव्याच्या कचेरीत भिंतीवर वाटपाचा नियम रंगवला होता: पातळी सव्वा मीटरखाली गेल्यास शेवटची शाखा बंद.

शाखा अभियंत्याने नोंदवही पुढे सरकवली. "मी दोनच महिन्यांपूर्वी आलो. सोमवारी येऊन सही करतो. आकडे मोजणीदार लिहितो."

वहिनी मागची पानं चाळत राहिल्या. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी पातळी एकदम अठरा सेंटिमीटरने वाढली होती. "त्या दिवशी धरणातून जास्त सोडलं होतं?"

अभियंत्याने दुसरी वही काढली. "नाही. रोजच्याइतकंच."

गेटवाल्याचं शेत वरच्या शाखेवर होतं, हिरवंगार. तो तिरसटपणे म्हणाला, "खालचं गेट बंद झालं असतं तर आम्हाला आणखी मिळालं असतं. आकडा उतरत आलाही होता, पण सव्वाच्या खाली काही गेला नाही."

"हाच आपला चोर," भाऊजी कुजबुजले.

मोजणीदार म्हातारा होता. त्याने पाण्याचे अर्धेच भरलेले पेले पुढे ठेवले. "राग मानू नका. लेक शेवटच्या गावात दिलीय. तिच्याकडे राहून आलं की ओतताना हात आखडतो."

पातळी मोजायची मापपट्टी पाहायला दोघं पायऱ्या उतरले. पट्टी कालव्यातल्या खांबावर ठोकलेली होती. खांब शेवाळाने काळा पडला होता, पण पट्टीच्या वर तेवढ्याच रुंदीचा एक तुकडा पांढराशुभ्र होता.

"कुणीतरी घासून पुसलाय," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी टेप लावून तो तुकडा मोजला आणि त्या वर आल्या.

दुपारी सगळे कचेरीत जमले.

"पाणी कोणी चोरलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "ते मुळात नाहीच. खांबाचा पांढरा भाग पुसलेला नाही, झाकलेला होता. पट्टी आधी तिथे होती. ती अठरा सेंटिमीटर खाली घेतली. पट्टी खाली गेली की त्याच पाण्याचा आकडा वाढतो. आज एक तीस लिहिलंय, खरं पाणी एक बारा आहे."

"कोणी केलं हे?" अभियंत्याने विचारलं.

"तुम्ही तेव्हा इथे नव्हता. गेटवाल्याला खरा आकडाच सोयीचा होता, त्याला पाणी वाढून मिळालं असतं. खालचं गेट उघडं राहावं असं ज्याला वाटत होतं आणि रोज जो एकटा पट्टीपाशी उतरतो, असा माणूस एकच आहे."

मोजणीदाराने नाकारलं नाही. "निम्मं का होईना, पोचत होतं," तो म्हणाला.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते मोजणीदाराकडे वळले. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तुम्हालाही खोटं बोलावं लागलं असतं."

"बाई, मी तक्रार मागे घेतो. अहवाल लिहूच नका."

वहिनींनी अभियंत्याकडे पाहिलं.

"मी ऐकलंय," तो हळू म्हणाला. "आता न ऐकल्यासारखं कसं करू? एक बारामध्ये वरच्या गावांचंही भागत नाही." त्याने आदेश लिहिला. लिहिताना तो कोणाकडे बघत नव्हता.

शेवटच्या शाखेचं गेट कित्येक वर्षांत बंद झालं नव्हतं. चाक गंजलं होतं, गेटवाल्याला एकट्याने फिरेना. भाऊजी पुढे निघाले, तशी वहिनींनी त्यांचा दंड धरला.

अध्यक्षांनी बाह्या वर सारल्या.

"गेट अर्धवट राहिलं तर पाणी गळून मातीतच जाईल," ते म्हणाले, आणि त्यांनी चाकाला हात लावला.