तो लांबलेला सीझन

मार्च २०११. रस्ते बर्फाने अडले होते आणि कस्तुरी ज्याच्या जोडीला बसणार होती तो मुलगा कॅनडातल्या किचनरला पोहोचलाच नव्हता. ऑफिसच्या बेसमेंटमध्ये धापा टाकत शिरताना ती पुटपुटली, "शी... मोजेसुद्धा भिजले!"

"हीटरवर ठेवा. आणि बसा लवकर, मॅच सुरू होतेय," स्क्रीनसमोर बसलेला एकजण चक्क मराठीत म्हणाला. मान मात्र वळली नाही.

तो नंदन, नागपूरचा.

मॅचची आकडेवारी टिपणाऱ्या त्या ऑफिसातलं काम असं होतं: रशियाच्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगची मॅच लाइव्ह यायची. नंदनने बघायचं आणि पुकारायचं, कितव्या नंबरने कुणाला पास दिला, चेंडू कुठे गेला. कस्तुरीने ते कीबोर्डवर टिपायचं. मॅचभर त्याने तिच्याकडे बघायचं नाही आणि तिने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तो चुकला तरी म्हणेल तेच लिहायचं. चुका नंतर तपासल्या जायच्या आणि सोमवारी त्याच्या नावाचा रिपोर्ट यायचा. प्रेमात पडायला याहून गैरसोयीची नोकरी शोधून सापडली नसती. कस्तुरी तरीही पडली, आणि तेही निव्वळ आवाजाच्या.

"परत टॉम्स्कच्या टीमची बाजू?" हाफ-टाइमला तो चिडवायचा. "अगं, ते डुबणार यंदा."

"म्हणूनच. हरणाऱ्यांचं कुणीतरी नको?"

"मग माझी पण बाजू घे ना."

"तू कुठे हरलायस?"

"हळूहळू... हरतोय," तो म्हणायचा आणि घाईघाईने कॉफी आणायला पळायचा.

जूनमधल्या एका रविवारी तो अचानक म्हणाला, "सीझन संपला की तुला एक विचारायचंय."

"आत्ताच विचार."

"नको. सीझन क्लीन जाऊ दे."

एरवी ही लीग हिवाळ्याआधी संपायची. त्या वर्षी नेमकं वेळापत्रक बदलायचं ठरलं आणि तो एकच सीझन ताणून पुढच्या मेपर्यंत नेला. कस्तुरीला हे कळलं तेव्हा तिचा चेहराच पडला.

"मुद्दाम केलंस!"

"मी? मॉस्कोत माझं कोण ऐकतंय!"

सप्टेंबरपासून नंदन चुकायला लागला. साताला सतरा म्हणायचा. डावीकडून धावत येणारा खेळाडू त्याच्या तोंडी उशिराच यायचा. कस्तुरीची बोटं आता सवयीने चालत, डोळे स्क्रीनवर मोकळे असत. तिला सगळं दिसत होतं, आणि त्याचं कारणही तिला ठाऊक होतं! माझ्यामुळेच याचं लक्ष उडतंय... दुसरं काय असणार? ती गालातल्या गालात हसायची आणि तो सतरा म्हणाला की गुपचूप सात टिपायची. सोमवारचे रिपोर्ट झकास यायला लागले. नंदन खूश, आणि तो खूश म्हणून कस्तुरीही. वेडीच होती ती.

हिवाळ्याची सुट्टी संपून मार्चमध्ये मॅचेस पुन्हा सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी काम आटपून दोघं रस्ता ओलांडत होते. डावीकडून एक गाडी येत होती, चांगली दिवे लावून. नंदन सरळ तिच्यापुढे उतरला. कस्तुरीने त्याचं जॅकेट धरून मागे ओढलं. गाडी हॉर्न वाजवत निघून गेली.

"दिसली नाही तुला?"

नंदनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाही," तो म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती त्याच्याबरोबर गेली. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये, तिच्या गाडीत बसून, तो शांतपणे सांगत राहिला.

"काचबिंदू. बाबांचे डोळे त्यानेच गेले, आईचा सगळा जन्म त्यांचा हात धरण्यात गेला. म्हणून ठरवलं होतं, अख्खा सीझन माझे डोळे नीट चालले तरच तुला विचारायचं. ऑक्टोबरमध्ये चेकअप होतं, मीच कॅन्सल केलं. सोमवारचे रिपोर्ट इतके मस्त येत होते ना... म्हटलं, डोळे परफेक्ट आहेत. तेव्हाच ड्रॉप्स सुरू केले असते तर डावीकडचं थोडं वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. गेलेलं आता परत येत नाही."

कस्तुरी गप्प बसली असती तर त्याला कधीच कळलं नसतं.

"नंदन... ते रिपोर्ट तुझे नव्हते. तू चुकायचास, मी बरोबर करायचे."

"किती वेळा?"

"प्रत्येक मॅचला. मला वाटायचं, तू माझ्यामुळे..."

तो दार उघडून उतरला आणि बस स्टॉपकडे चालू लागला. दर चार पावलांवर मान डावीकडे वळवून बघत होता. ते बघवत नव्हतं.

नंतर तो कामावर आला नाही. फोन उचलला नाही. टॉम्स्क खालच्या लीगमध्ये गेलं, तेही कस्तुरीने एका अनोळखी आवाजावरून टिपलं आणि वॉशरूममध्ये जाऊन रडली.

मेमध्ये, शेवटच्या मॅचच्या सकाळी, नंदन आला. तिच्या शेजारी बसला आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"आज तू पुकार."

तिने पुकारलं. नंबर हुकत होते. हाफ-टाइमला तो म्हणाला, "तीन चुका केल्यास. तिन्ही तशाच लिहिल्यात मी."

"माहीत असून?"

"माहीत असून. तू बदललंस याचा राग नव्हता गं. मला अंधारात ठेवलंस, त्याचा होता. यापुढे मी चुकलो की तोंडावर सांगायचं. भांडायचं, वाटलं तर."

"यापुढे... म्हणजे कधीपर्यंत?"

"तेच विचारायला आलोय. पण उरलेलं किती टिकेल, डॉक्टरही सांगत नाहीत. आईचं मी बघितलंय, कस्तुरी. नीट विचार कर."

"तू आधी विचार ना रे!"

"लग्न करशील माझ्याशी?"

"हो. आणि उद्यापासून ड्रॉप्स वेळेवर घातलेस की नाही, ते रोज विचारणार. भांडण तिथूनच सुरू."

तो हसला, कितीतरी दिवसांनी. मग हसू विरलं. "तू डावीकडे बसलीयेस. मला दिसत नाहीयेस... इकडे ये."

कस्तुरी उठली आणि त्याच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला येऊन बसली. तो तिच्याकडे बघत राहिला. दुसरा हाफ सुरू झाला होता, आणि पहिले काही पास कुणीच टिपले नाहीत.