जबाब वाचून दाखवला

अडुसष्ट सालची गोष्ट. भामा नदीच्या काठी अणुवीज केंद्र काढायचं सरकारच्या मनात आलं आणि गावकऱ्यांच्या हरकती ऐकायला चाकणच्या शाळेत सुनावणी लागली. जबाब टिपायला पुण्याहून नीलिमा आली. लघुलेखनात पहिली, आणि राग नाकावर! पहिल्याच सकाळी दारात कुणीतरी तिच्यावर धाडकन आदळलं, कागद उडाले पार पायरीपर्यंत.

"माफ करा हं बाई... पिंपरीहून रातपाळी करून थेट आलोय. डोळ्यांत झोप हाय."

"मग घरी जाऊन झोपा ना!"

"घरच तर तुमचं सरकार न्यायला निघालंय!"

तिला हसू फुटलं. मेलं, नको तेव्हाच येतं ते!

हा विलास. कंपनीत फिटर, पण गावाची बाजू मांडणारा तोच. तीन दिवस तो विहिरींवर, कांद्याच्या वावरांवर, नदीच्या पाण्यावर बोलला आणि तीन दिवस हिची पेन्सिल धावली. मधेच तो विचारायचा, "बाई, लई भरभर बोलतोय का?"

"तुम्ही बोला हो... मी मागे पडत नाही." मान खाली, पण कान लालबुंद.

आज शेवटचा दिवस. उद्या ही पुण्याला, तो पाळीवर. आज बोलला नाही, तर संपलंच की सगळं!

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विलासला विचारलं, "तुमचं स्वतःचं काय नुकसान?"

"औंदा नवी खोली बांधलीय साहेब. लग्नासाठी."

पेन्सिल अडखळली. लग्न?

"ठरलंय?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई. तिला इचारलंच न्हाई अजून. ती... हितंच बसलीय. लिहितीय."

अख्खा वर्ग तिच्याकडे वळला. आणि ही बया सवयीनं तेही लिहून गेली!

जबाब वाचून दाखवायचा, मगच सही, हा नियम. साहेब मिशीत हसले. "वाचा बाई. शब्दन् शब्द."

"'...ती हितंच बसलीय. लिहितीय.'" तिचा आवाज कापत होता. "बरोबर आहे?"

"बरोबर हाय. पर पुढचं ऱ्हायलं. नीलिमाबाई... कराल का माझ्याशी लग्न?"

"अगं हो म्हण की!" मागून त्याची आई, सोजरबाई, ओरडली.

नीलिमानं खाली भराभर काहीतरी खरडलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. नुसत्या लघुलेखनाच्या रेघोट्या!

"मला ह्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच वाचून दाखवतेय," ती म्हणाली, आणि आता आवाज मुळीच कापला नाही. "'हो. गाव राहिलं तर त्या खोलीत. उठलं तर... हा जिथं बिऱ्हाड मांडेल तिथं.'"

विलासनं सही केली, तीही साहेबांच्या सहीच्या जागेवर.